एक बटण, तीन अक्षरं

‘मानोरा’ हा शब्द कॉम्प्युटरवर लिहायचा असेल तर कुठली बटणं दाबायची? मोबाइलवर मराठी लिहायची सवय असलेला माणूस सांगेल, एम-ए-एन-ओ-आर-ए. इन्स्क्रिप्ट शिकलेला सांगेल, सी-ई-व्ही-ए-जे-ई. आणि ज्याने पंधरा-वीस वर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये लग्नपत्रिका आणि अर्ज छापले आहेत तो डोळे मिटून सांगेल, ई-के-यू-के-एस-जे-के. तिघंही बरोबर आहेत. प्रिंट काढली तर तिन्ही कागदांवर वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव सारखंच दिसेल. पण बटणांच्या यादीत काहीच जुळत नाही. ई हे बटण इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी ई आहे, इन्स्क्रिप्टवाल्यासाठी काना आहे आणि कृतिदेववाल्यासाठी म आहे.

मग त्या बटणाचं खरं अक्षर कोणतं? याचं उत्तर शोधताना मराठीचा यंत्रांबरोबरचा गेल्या साठेक वर्षांचा इतिहास उलगडत जातो. सुरुवात मात्र अगदी साध्या तक्रारीपासून करू, कारण सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या कुणालाही गावी गेल्यावर ती हमखास ऐकावी लागते: “नवीन वायरलेस कीबोर्ड घेतला, पण कॉम्प्युटर त्याला भलताच समजतोय.”

भलताच म्हणजे कसा? ई-मेलच्या पत्त्यातलं ॲटचं चिन्ह लिहायला शिफ्ट धरून २ दाबलं, तर दुहेरी अवतरणचिन्ह येतं. किंवा मॅकवर टॅबच्या वरचं बटण दाबलं, तर बटणावर छापलेल्या चिन्हाऐवजी कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी वापरतात तसलं चिन्ह येतं. कीबोर्ड बिघडला म्हणून लोक तो परत करतात. नवीन आलेलाही तसाच वागतो, कारण तो बिघडलेला नसतोच.

कीबोर्डाला अक्षरं माहीत नसतात. बटण दाबलं की तो फक्त एक आकडा पाठवतो. यूएसबीच्या प्रमाणात इंग्रजी ए लिहिलेल्या जागेचा आकडा ४ आहे, ई चा ८, के चा १४, झेड चा २९. ब्लूटूथचे कीबोर्डही हेच आकडे वापरतात. ‘आठ नंबरचं बटण दाबलं गेलं’ एवढाच निरोप कॉम्प्युटरला पोचतो. त्या आठाचा अर्थ ई, काना की म, हे कॉम्प्युटर त्याच्या आतल्या तक्त्यात बघून ठरवतो. तक्ता अमेरिकी असेल तर शिफ्ट-२ म्हणजे ॲट. तक्ता ब्रिटिश असेल तर शिफ्ट-२ म्हणजे अवतरणचिन्ह. बटणावर काय छापलं आहे ते कॉम्प्युटरला दिसत नाही.

मग कीबोर्डाने स्वतःच आपली ओळख का सांगू नये? तशी सोय केलेली आहे. यूएसबीच्या प्रमाणात कीबोर्डाने आपला देश सांगावा म्हणून एक रकाना ठेवला आहे आणि त्यात भरायच्या आकड्यांची यादीही दिली आहे. यादीत १ ते ३५ अशा नोंदी आहेत. त्यात अरबी आहे, फारसी आहे, हिब्रू आणि कोरियन आहे. स्वित्झर्लंडच्या तीन नोंदी आहेत, तुर्कीच्या दोन. ३४ व्या क्रमांकावर युगोस्लाव्हिया आहे. तो देश आज नकाशावर उरलेला नाही, यादीत मात्र अजून आहे. भारताची, किंवा भारतातल्या कुठल्याही भाषेची, नोंद त्या यादीत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या तो रकाना शून्य ठेवतात, म्हणजे ‘सांगत नाही’. वायरलेसमध्ये आणखी एक पडदा असतो. छोटा रिसीव्हर लावून चालणाऱ्या कीबोर्डात कॉम्प्युटरची गाठ कीबोर्डाशी पडतच नाही, ती रिसीव्हरशी पडते. ‘मी कीबोर्ड आहे’ असं रिसीव्हर सांगतो आणि कॉम्प्युटर ते मान्य करतो, मग खरा कीबोर्ड कपाटात का पडलेला असेना. दुकानातला बारकोड स्कॅनरही बहुतेक वेळा स्वतःला कीबोर्डच म्हणवून घेतो. अशा वेळी कॉम्प्युटर मराठीवर ठेवलेला असेल, तर बारकोडातली इंग्रजी अक्षरं देवनागरीत उमटतात आणि दुकानदार चक्रावतो.

मॅकने यावर एक गमतीदार उपाय काढला आहे. अनोळखी कीबोर्ड जोडला की तो विचारतो, डावीकडच्या शिफ्टच्या लगेच उजवीकडचं बटण दाबा. झेड आला तर कीबोर्ड अमेरिकी घडणीचा. झेडच्या आधी एक जादा बटण लागलं तर युरोपी घडणीचा. मग उजवीकडच्या शिफ्टशेजारचं बटण विचारून जपानी घडण ओळखतो. या प्रश्नांना चुकीचं उत्तर दिलं की टॅबच्या वरचं बटण भलतं चिन्ह देऊ लागतं. थोडक्यात, ज्याला आपण ‘कॉम्प्युटरने ओळखलं’ म्हणतो तो एक अंदाज असतो, आणि ओळख शेवटी माणसालाच सांगावी लागते.

टाइपरायटरवर हा प्रश्न उद्भवत नव्हता. बटणाला दांडी जोडलेली, दांडीच्या टोकाला धातूचं अक्षर, अक्षर रिबिनीवर आपटणार आणि कागदावर उमटणार. बटण आणि अक्षर लोखंडाने बांधलेले होते. क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये अमेरिकेत टाइपरायटरचं पेटंट घेतलं, १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचं यंत्र बाजारात आलं, आणि पुढे रेमिंग्टन हे नाव आपल्याकडे यंत्रापेक्षा बटणांच्या मांडणीचं नाव म्हणून जास्त टिकलं.

इंग्रजीची सव्वीस अक्षरं ज्या सांगाड्यावर बसवली, त्याच सांगाड्यावर देवनागरी बसवायची होती. चाळीस-पंचेचाळीस बटणं, प्रत्येकाला शिफ्टसह दोन जागा. स्वर, व्यंजनं, मात्रा, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं एवढ्यात मावणार नव्हती, म्हणून अक्षरांचे तुकडे केले. ख्, घ्, ण्, भ्, ध् अशी अर्धी अक्षरं ठेवली आणि त्यांना काना जोडून पूर्ण अक्षर करायची रीत बसवली. मात्रा आणि उकार यांची बटणं दाबली तरी गाडी पुढे सरकायची नाही, म्हणजे खूण बरोबर अक्षराच्या वर किंवा खाली बसायची. ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडे दिसतो, म्हणून तो आधी मारायचा. डोळ्याला जे दिसतं त्या क्रमाने बोटं चालायची.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झालं. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. म्हणजे टिप्पणी, परिपत्रक, नोटीस, हुकूम सगळं मराठीत टाइप करायला माणसं आणि यंत्रं लागणार होती. गोदरेजने १९५५ मध्येच देशी बनावटीचा टाइपरायटर काढला होता. तालुक्याच्या गावी तहसील आणि कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपरायटर मांडून बसलेली माणसं दिसू लागली, आणि बसस्टँडजवळच्या माडीवर टायपिंगचे क्लास सुरू झाले. दहावी-बारावीनंतर मराठी ३० आणि इंग्रजी ४० ही जोडी अनेक घरांत पाठ असते. मिनिटाला मराठीचे तीस शब्द, इंग्रजीचे चाळीस. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीचं दार त्या आकड्यांनी उघडतं. कोरडवाहू शेती असलेल्या आमच्यासारख्या तालुक्यात हे आकडे किती मोठे वाटतात, हे बाहेरच्याला सांगून कळणं कठीण आहे. ते आकडे बोटांत असतात, आणि बोटं एका विशिष्ट मांडणीवर तयार झालेली असतात.

कॉम्प्युटर आला तेव्हा बटण आणि अक्षर यांच्यातलं लोखंड निघून गेलं. आता कुठल्याही बटणावर कुठलंही अक्षर ठेवता येणार होतं. इथून मराठीला दोन रस्ते फुटले.

पहिला रस्ता कानपूरहून पुण्याला आला. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झालं, त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि तांबे यांचं काम तिथे पुढे गेलं. त्यातून निघालेलं ‘जिस्ट’ कार्ड साध्या कॉम्प्युटरात बसवलं की त्यावर भारतीय लिप्या चालू लागायच्या. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट ही बटणांची मांडणी प्रमाण म्हणून ठरवली. अक्षरांना आकडे देणारी ‘इस्की’ ही व्यवस्था १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाण झाली.

इन्स्क्रिप्टने टाइपरायटरचे तुकडे फेकून दिले. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, त्याच बटणावर शिफ्टने ख. आय वर ग, शिफ्टने घ. अर्ध्या अक्षरांची बटणं नाहीत, डी वर फक्त हलन्त आहे आणि जोडाक्षर कॉम्प्युटर स्वतः जुळवतो. मांडणी वर्णमालेवर आधारलेली असल्यामुळे एकदा शिकली की गुजराती, तेलुगू, बंगालीही त्याच बटणांवर लिहिता येतं.

रेमिंग्टनच्या बोटांसाठी मात्र हे दुसरंच गाव होतं. ऱ्हस्व इकार कृतिदेवमध्ये एफ या बटणावर आहे, आणि इन्स्क्रिप्टमध्येही योगायोगाने एफ वरच आहे. पण ‘किल्ला’ लिहिताना कृतिदेववाला आधी एफ दाबतो आणि मग क. इन्स्क्रिप्टवाला आधी क दाबतो आणि मग एफ, कारण तोंडातून क आधी निघतो. एकाची शिस्त डोळ्याची, दुसऱ्याची उच्चाराची. जे बटण दोघांना सारखं आहे तेच सगळ्यात जास्त अडखळवतं.

दुसरा रस्ता छापखान्यांतून गेला. डीटीपी आली तेव्हा दुकानदाराला हवं होतं ते एवढंच की रेमिंग्टनवर बसलेला हात तसाच राहावा आणि छापलेलं अक्षर देखणं दिसावं. फॉन्ट बनवणाऱ्यांनी सोपी युक्ती केली. कॉम्प्युटरला कळू द्यायचं नाही की हे मराठी आहे. त्याच्या लेखी सगळं इंग्रजीच. फक्त फॉन्टमध्ये ई च्या चित्राच्या जागी म चं चित्र ठेवायचं, के च्या जागी काना, जे च्या जागी र. कृतिदेव असाच चालतो. पडद्यावर ‘मानोरा’ दिसतं आणि फाइलमध्ये ई-के-यू-के-एस-जे-के ही सात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात.

या युक्तीला हसायचं कारण नाही. तिने हजारो लोकांना रोजगार दिला आणि मराठी छपाई तालुक्यापर्यंत नेली. इन्स्क्रिप्ट शिकायला वेळ आणि शिकवणारा लागत होता, फॉन्टला फक्त एक फ्लॉपी लागत होती. पण हा सौदा उधारीचा होता. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मजकुराची इंग्रजी खिचडी. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली तेव्हा ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ ही सूचना जागोजागी भेटायची. अशा फाइलमध्ये मानोरा शोधलं तर सापडत नाही, कारण मानोरा तिथे नाहीच. अकारविल्हे लावलेली यादी इंग्रजीच्या क्रमाने लागते. आणि दृष्टिहीन माणसाला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी उताऱ्याऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरं बडबडत बसतं.

हे दोन्ही रस्ते युनिकोडपाशी आले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यात देवनागरीचा भाग इस्कीच्या आराखड्यावर बेतलेला आहे. त्यात म ला स्वतःचा आकडा आहे, २३५०. तो ई ची जागा घेत नाही आणि फॉन्ट बदलला तरी बदलत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली ती मंगल फॉन्टसह, आणि तो फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला होता. तिथून पुढे साध्या कॉम्प्युटरवर मराठी म्हणून मराठी लिहिता येऊ लागली.

विंडोजने ‘मराठी’ या नावाखाली जो कीबोर्ड दिला त्याची मांडणी इन्स्क्रिप्टची होती. कॉम्प्युटर मराठी म्हणतो ती एक मराठी, आणि तीस शब्दांचं प्रमाणपत्र ज्या बोटांना मिळालं ती दुसरी. रेमिंग्टनवर वीस वर्षं काढलेला माणूस भाषांच्या यादीतून मराठी निवडतो, सवयीने ‘मानोरा’ मारतो आणि पडद्यावर काना, क, ह अशी विचित्र रांग येते. त्याला वाटतं कीबोर्ड खराब आहे. वायरलेस असेल तर ‘वायरलेसमुळे होतंय’ असंही वाटतं. दुसरीकडे मराठी संकेतस्थळांवर ‘गमभन’सारख्या सोयी वापरून वाढलेल्या पिढीला या दोन्ही मांडण्या नकोत, तिला रोमन बटणांवर उच्चारानुसार लिहायचं असतं. विंडोजमध्ये तशी मराठी मांडणी २०१९ मध्ये आली.

अक्षरांच्या पातळीवरही मराठीला आपली ओळख वेगळी सांगावी लागली. ‘मानोरा’ला प्रत्यय लावला की ‘मानोऱ्यात’ होतं, ‘मानोऱ्याचा’ होतं. हा ऱ्य म्हणजे सूर्याचा र्य नव्हे. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं असतं. हिंदीला हा फरक लागत नाही, मराठीचं त्यावाचून चालत नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी ऱ हे अक्षर वापरून अर्धा र करायचा नियम आहे, आणि इन्स्क्रिप्टमध्ये तो ऱ शिफ्ट-जे वर आहे. ज्याला हे ठाऊक नसतं तो ‘मानोर्यात’ लिहून मोकळा होतो, आणि मग ते तसंच फलकावर आणि बातमीत जातं. ॲ चंही तेच. ॲपल, ॲसिड यांतल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवलं जाई. दिसायला दोन्ही सारखे, आकडे वेगळे, म्हणून एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ॲ ला स्थान आहे.

एवढं सगळं होऊनही जुनी युक्ती मेली नाही. १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं. युनिकोडमध्ये ते यायला काही महिने लागणार होते. तेवढ्यात मंगळूरच्या एका कंपनीने एक फॉन्ट काढला. त्यात टॅबच्या वरचं बटण दाबलं की रुपयाचं चिन्ह दिसायचं. फाइलमध्ये अर्थात जुनंच चिन्ह साठायचं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर रुपया नाहीसा आणि त्या जागी एक तिरकी रेघ. कृतिदेवची सगळी गोष्ट एका चिन्हात पुन्हा घडली. ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत रुपयाला जागा मिळाली आणि त्या फॉन्टची गरज संपली.

म्हणजे बटणाला स्वतःचं अक्षर नसतं, अक्षर हा करार असतो, आणि करार लिहिताना जे हजर असतात त्यांची नोंद होते. इस्की आणि इन्स्क्रिप्टच्या वेळी आपली माणसं हजर होती, त्याची फळं आपण रोज खातो. यूएसबीच्या त्या यादीत आपण नाही. आणि आपण स्वतःलाही हे विचारायला हवं. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात आहे, तिथल्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते आणि ती देवनागरीत लिहिलीही जाते. ती लिहिताना कॉम्प्युटरवर निवडायची भाषा असते मराठी, म्हणून तपासणी चालू असली की गोरमाटीचे शब्द मराठीच्या चुका ठरतात आणि त्यांच्याखाली लाल रेघा येतात. जे यूएसबीच्या यादीने आपल्याला केलं तेच आपली यादी त्यांना करते.

आता मूळ तक्रारीवर काय करायचं ते सांगतो. कीबोर्ड परत करायच्या आधी वहीसारखं साधं लिहायचं ॲप उघडा आणि शिफ्ट-२ दाबून बघा. अवतरणचिन्ह आलं तर भाषेच्या सेटिंगमध्ये ब्रिटिश इंग्रजी आहे, तिथे अमेरिकी किंवा भारतीय इंग्रजी निवडा. मॅक असेल तर कीबोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा प्रकार पुन्हा ओळखायला सांगा. मराठी भलती येत असेल तर आपली बोटं रेमिंग्टनची, इन्स्क्रिप्टची की रोमनची, हे ठरवून त्या नावाची मांडणी निवडा. नुसतं ‘मराठी’ निवडून भागत नाही. विंडोजमध्ये विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की मांडणी बदलते, आणि नकळत दाबलं गेलं तरीही बदलते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

याहून निकडीचं काम जुन्या फाइलींचं आहे. गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंगच्या परीक्षाही यंत्रावरून कॉम्प्युटरवर आल्या. रेमिंग्टनची बोटं असलेली पिढी आता निवृत्त होते आहे. तिने जे लिहून ठेवलं ते बंद पडलेल्या कॉम्प्युटरांच्या हार्डडिस्कमध्ये, डीटीपीच्या दुकानांतल्या सीडींमध्ये पडून आहे: संस्थांची इतिवृत्तं, दिवाळी अंक, स्मरणिका, वंशावळी, १९९८ मध्ये वाशीम जिल्हा होण्याआधीचे ‘जिल्हा अकोला’ असा पत्ता असलेले कागद. त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. पण फाइल कोणत्या फॉन्टची होती हे त्या साधनाला आधी सांगावं लागतं, आणि ऱ्य सारख्या जागा माणसाला डोळ्यांनी तपासाव्या लागतात. ज्याने ती फाइल केली तो अजून गावात असेल तर त्याला फॉन्टचं नाव विचारून घ्या आणि ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा. कृतिदेवचा तक्ता कृतिदेवच्या फाइलीला लावला, तर त्या सात इंग्रजी अक्षरांतून मानोरा परत मिळतं. तक्ता भलता लागला तर काहीच मिळत नाही.